ज्याची त्याची घडी

वर्षाचा आरंभ झाला कीं नवी रोजनिशी आणावयाची, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत दिनक्रम लिहावयाचा, दहा-बारा दिवस तो कसोशीनें पाळावयाचा, आणि संक्रांतीच्या गडबडींत ती रोजनिशी कोठें ठेवली तें विसरून जावयाचें, हा प्रकार आपल्यापैकीं बहुतेकांच्या परिचयाचा असेल. माझ्या स्वतःच्या फडताळांत अशा एकोणीस रोजनिश्या आहेत. त्यांतील एकींतहि फेब्रुवारीच्या पुढें शाई गेलेली नाहीं. छत्तीस वर्षें शाळेंत दुसऱ्यांचीं वेळापत्रकें आखण्यांत ज्याचा हात बसला, त्याची स्वतःच्या वेळापत्रकाविषयीं ही कथा. मग इतरांना काय बोल लावावा?

या सदरांत आजवर मी बहुधा सुभाषितें, व्याकरणांतील गमती आणि जुन्या ग्रंथांचा परिचय असेंच कांहीं लिहीत आलों. या महिन्यांत मात्र घरांतील एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगतांना थोडी लाज वाटते. पण शिकलेल्या माणसाच्या हातून जी चूक होते ती बहुधा अनेक घरांतून होत असते, आणि ती उघड बोलून दाखविली तर दुसऱ्या कोणाला तरी तिचा उपयोग होतो, एवढ्या भरंवशावर लिहितों.

आमचें घर जुन्या नाशकांत, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हें वाचकांना सांगावयास नको.) नव्वदीला टेकलेल्या माझ्या मातोश्रींपासून पांच वर्षांच्या नातवापर्यंत घरांत नऊ माणसें. धाकटी सून संस्कृत विषय घेऊन एम्. ए. झालेली. महाविद्यालयांत अध्यापन करावयाचें तर सेट परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें; ती परीक्षा देण्याचा विचार तिनें बोलून दाखविला, तेव्हां सर्वांत अधिक आनंद मला झाला. घरांत दुसरें कोणी संस्कृत वाचणारें आहे हें सुख थोडें नव्हे. मीं त्याच रात्रीं तांबड्या-निळ्या शाईनें एक सुबक वेळापत्रक आखलें. पहाटे साडेचार ते साडेसहा व्याकरण. दुपारीं दोन ते चार दर्शनें व साहित्यशास्त्र. रात्रीं साडेनऊ ते अकरा उजळणी. एकूण साडेपांच तास. तें मीं स्वतःच्या हातानें स्वयंपाकघरांतील कपाटावर डिंकानें चिकटविलें.

सहा महिन्यांनीं परीक्षा झाली. पुढें निकाल लागला; ती उत्तीर्ण झाली नाहीं. मी म्हणालों, "बेटा, बुद्धि कमी नाहीं, निग्रह कमी पडला." ती म्हणाली, "होय, बाबा," आणि पोळ्या लाटूं लागली.

त्यानंतर आठवड्याभरानें मी माझा चष्मा शोधीत स्वयंपाकघरांत गेलों असतां पिठाच्या डब्यामागें एक शंभर पानी वही सांपडली. माझीच कोणती तरी वही असेल असें समजून ती उघडली. तींत परीक्षेपूर्वीच्या एका पंधरवड्यांतील दुपारच्या अभ्यासाची नोंद होती. एक दिवस असा होता: २.१० दाराची घंटा, टपाल. २.२५ आजींचें औषध. २.४० बाबांचा चहा. ३.०५ बाबांचा चष्मा. ३.२० बाबांच्या मोबाईलवर आलेला आंकडा वाचून दाखविणें. ३.३५ बाळ उठला. त्यापुढें कांहीं नव्हतें. मीं खाली बसून सबंध पंधरवडा मोजला. एकूण हांका एकसष्ट. त्यांपैकीं चोवीस माझ्या. कोठेंहि तक्रारीचा एक शब्द नव्हता. व्याकरणाच्या विद्यार्थ्यानें प्रयोग टिपून ठेवावे तशा त्या नोंदी होत्या. निग्रह कोणाचा कमी पडला होता, तें त्या वहीनें मला सांगितलें.

तेव्हांपासून मी या विषयाचा थोडा शोध घेऊं लागलों. माणसानें आपल्या कामाची घडी कशी बसवावी, आणि जी घडी एकाला शोभते ती दुसऱ्याला कां शोभत नाहीं? शोध अर्थातच माझ्या सवयीप्रमाणें जुन्या ग्रंथांपासून सुरू झाला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत राजाचा दिनक्रम दिला आहे. दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ असे भाग, पाण्याच्या घटिकापात्रानें किंवा सावलीच्या मापानें पाडावयाचे. म्हणजे आपल्या हिशेबानें एकेक भाग दीड तासाचा. दिवसाच्या पहिल्या भागांत संरक्षणाची व्यवस्था आणि जमाखर्च ऐकावा, दुसऱ्यांत पौरजानपदांचीं गाऱ्हाणीं, तिसऱ्यांत स्नान, भोजन व स्वाध्याय, पांचव्यांत मंत्र्यांशीं पत्रव्यवहार, सातव्यांत हत्ती, घोडे व रथ यांची पाहणी, आठव्यांत सेनापतीशीं विचार. असें तें चक्र चालतें. रात्रीच्या तिसऱ्या भागांत शय्येवर जावयाचें आणि चौथा व पांचवा भाग झोंप घ्यावयाची; सहाव्यांत वाद्यघोषानें जागें होऊन कर्तव्याचें चिंतन सुरू. म्हणजे सारी झोंप फार तर साडेचार तासांची. हें वाचून कोणाचीहि छाती दडपावी.

परंतु या यादीच्या शेवटीं कौटिल्यानें एक लहानसें वाक्य जोडलें आहे. हा उतारा वाचतांना मी तें नेहमीं घाईनें ओलांडीत असें. त्याचा भावार्थ असा कीं, किंवा राजानें स्वतःच्या शक्तीला मानवेल त्या रीतीनें दिवसरात्रीचे भाग पाडावे आणि कामें करावीं. ज्याच्या शिस्तीचा एवढा दरारा, त्या आचार्यानें सोळा खण आखून झाल्यावर हा "किंवा" लिहिला! शिवाय लगेच पुढें तो बजावतो कीं तातडीचें काम आलें तर तें तेव्हांच ऐकावें, टाळूं नये. म्हणजे आराखडा हवा, तो ज्याच्या त्याच्या बळाप्रमाणें हवा, आणि अकस्मात् येणाऱ्या कामाला त्यांत वाट हवी. या तिन्ही गोष्टी त्यानें एकाच प्रकरणांत सांगून टाकल्या आहेत. मीं मात्र सोळा खण घेतले आणि "किंवा" सोडून दिला. माझ्या वेळापत्रकाप्रमाणें रात्रीं अकराला अभ्यास संपवून, ओटा आवरून, दूध विरजून सूनबाई पावणेबाराला निजे आणि सव्वाचारला उठे. हिशेब केला तेव्हां माझें मलाच आश्चर्य वाटलें. मीं तिला कौटिल्याच्या राजाइतकी झोंप दिली होती; राजाचा परिवार तेवढा दिला नव्हता.

आतां दुसरें उदाहरण आमच्या नाशकांतीलच. गांवापासून जवळच टाकळी येथें नंदिनी आणि गोदावरी यांचा संगम आहे. समर्थ रामदासांनीं येथें बारा वर्षें तप केलें, अशी परंपरा आहे. सन १६२० ते १६३२ हा तो काळ सांगतात. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नदीच्या पाण्यांत उभें राहून जप, नंतर पंचवटींत माधुकरी, तिसऱ्या प्रहरीं ग्रंथश्रवण व अभ्यास, असा त्यांचा दिनक्रम परंपरेनें वर्णिलेला आहे. लहानपणीं वडील आम्हांला टाकळीला नेऊन हें सांगत, तेव्हां आपणहि उद्यांपासून पहाटे उठावें असें आम्हां भावंडांना वाटे. पण या दिनक्रमाच्या मुळाशीं काय होतें, तें ध्यानांत घेतलें पाहिजे. बोहल्यावरून जो निघून गेला, ज्याच्या माथ्यावर घर नव्हतें, घरांत दुखणाईत नव्हतें आणि दाराला घंटा नव्हती, त्याची ती घडी होती. संसारी माणसानें त्यांतील सातत्य अवश्य घ्यावें. तास जसेच्या तसे घेऊं नयेत. समर्थांनीं स्वतः तरी सर्वांना तें करावयास कोठें सांगितलें? दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभींच अक्षर कसें असावें, ओळी कशा राखाव्या, लेखणी व शाई कशी असावी, इतक्या बारकाईनें त्यांनीं लेखनक्रिया सांगितली आहे. कामाची साधनें आणि पद्धति यांचा विचार हा परमार्थाला कमीपणा आणणारा नाहीं, एवढें त्यावरून निश्चित होतें.

लोकमान्यांचें उदाहरण तर प्रत्येक व्यासंगी माणसाच्या तोंडीं असतें. मंडालेच्या तुरुंगांत असतांना सन १९१०-११ च्या हिंवाळ्यांत सुमारें पांच महिन्यांत त्यांनीं गीतारहस्य पेन्सिलीनें लिहून काढलें. तें सन १९१५ मध्यें प्रसिद्ध झालें. हें ऐकून मनुष्य म्हणतो, "मलाहि एकदां पांच महिने कोंडून ठेवा, म्हणजे मीहि ग्रंथ लिहितों!" पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं सांगितलें आहे कीं, सन १८७२ मध्यें आजारी वडिलांना गीतेवरील एक प्राकृत टीका वाचून दाखवितांना या विषयाशीं त्यांचा प्रथम परिचय झाला. म्हणजे लेखन पांच महिन्यांचें खरें, पण चिंतन अडतीस वर्षांचें. आणि तें चिंतन वर्तमानपत्र, खटले, परिषदा आणि घरसंसार यांच्या मधल्या सांदींत झालेलें. निवांतपणा मिळाला तेव्हां लिहावयास कांहीं तयार होतें, हें त्यांतील मर्म आहे.

माझ्यासारख्या माणसाला सर्वांत जवळचें वाटतें तें महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचें उदाहरण. ते पूर्वायुष्यांत शाळामास्तर होते आणि पुढें मुंबईच्या उच्च न्यायालयांत वकिली करीत. व्यवहारमयूख या ग्रंथाची आवृत्ति सिद्ध करतांना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ हेतु होता. त्या प्रस्तावनेचा वाढत वाढत पांच खंडांचा ग्रंथ झाला. पहिला खंड सन १९३० मध्यें निघाला आणि शेवटचा सन १९६२ मध्यें. पृष्ठें सुमारें साडेसहा हजार. सन १९६३ मध्यें त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. मीं एकदां सहज गणित केलें. बत्तीस वर्षांत साडेसहा हजार पृष्ठें म्हणजे दर दिवशीं अर्ध्या पृष्ठाहून किंचित् अधिक! अर्थात् त्या अर्ध्या पृष्ठामागें वाचन किती, तें सांगतां येणार नाहीं. पण अशील, न्यायालय, प्रकृतीच्या तक्रारी आणि पुढें मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद, हें सारें सांभाळून ज्यानें हें केलें, त्याचें बळ दिवसाच्या सोळा भागांत नव्हतें. रोजचें थोडें आणि तें न सोडणें यांत होतें.

चार माणसें आणि चार निराळ्या घड्या. राजाला परिवार होता, तपस्व्याला एकांत होता, बंदिवानाला सक्तीचा अवकाश होता, वकिलाला सांदी होत्या. प्रत्येकानें आपल्याजवळ जें होतें त्यावरून घडी बसविली. आपण मात्र दुसऱ्याची घडी उचलतों, ती आपल्या अंगाला लागली नाहीं कीं स्वतःला आळशी ठरवितों, आणि पुढील वर्षीं विसावी रोजनिशी आणतों.

अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन याचा दाखला येथें आठवतो. त्यानें आपल्या आत्मचरित्रांत पहाटे पांचपासूनचा दिनक्रम तक्त्यांत मांडून दाखविला आहे, आणि तेरा सद्गुणांची यादी करून रोज आपल्या चुकांवर खुणा केल्या आहेत. त्या तक्त्याच्या नकला जगभर झाल्या. पण सर्वांत अधिक त्रास आपणांस व्यवस्थितपणा या गुणानेंच दिला, हेंहि त्यानें तेथेंच मोकळेपणानें कबूल केलें आहे. ज्याचा वेळ स्वतःच्या हातीं आहे त्याला ठराविक क्रम पाळतां येतो. धंदेवाल्याला लोकांच्या वेळेप्रमाणें त्यांना भेटावें लागतें, हें त्याचें कारण. घरांतील सुनेची स्थिति त्या छापखानेवाल्याहून निराळी नाहीं. तिचे गिऱ्हाईक तर घरांतच राहतात!

आतां आधुनिक विद्वान् काय म्हणतात तें थोडक्यांत पाहूं. पहिली गोष्ट अंदाजाची. सन १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कॅनडांतील विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असें विचारलें होतें. त्यांचा सरासरी अंदाज सुमारें ३४ दिवसांचा होता. सर्व विघ्नें आलीं तर किती, असें विचारतां त्यांनीं ४९ च्या आसपास सांगितलें. प्रत्यक्षांत लागले ५५ हून अधिक! म्हणजे माणसाची वाईटांत वाईट कल्पनाहि विघ्नांना पुरी पडत नाहीं. दुसरी गोष्ट लक्षाची. सोफी लरॉय या संशोधिकेनें सन २००९ मध्यें दाखविलें कीं, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलें असतां लक्षाचा कांहीं अंश मागच्या कामाशींच रेंगाळतो. चहा करावयास लागणारीं पांच मिनिटें ही खरी हानि नव्हे. सूत्राचा तुटलेला धागा पुन्हां सांपडण्यास जी मिनिटें लागतात ती खरी हानि. माझ्या चोवीस हांकांचा हिशेब त्या मापानें केला तेव्हां मला घाम फुटला.

तिसरी गोष्ट शरीरांतील घड्याळाची. या घड्याळाची आंतील रचना उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघां शास्त्रज्ञांना सन २०१७ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ सर्वांचें सारखें चालत नाहीं. कोणाची बुद्धि पहाटे तरतरीत असते, कोणाची दिवस वर आल्यावर; पौगंडावस्थेंतील मुलांचें घड्याळ तर स्वभावतःच मागें पडतें. ब्राह्ममुहूर्ताचें महत्त्व मी नाकारीत नाहीं. माझें स्वतःचें सारें लेखन त्याच वेळीं होतें. पण ब्राह्ममुहूर्त सांगणाऱ्यांनीं रात्रीं लवकर निजणारा मनुष्य गृहीत धरला होता, हें विसरून कसें चालेल?

माझ्या थोरल्या चिरंजीवांची पद्धति आणखी निराळी. ते घरूनच एका कंपनीचें काम करतात. पंचवीस मिनिटें काम आणि पांच मिनिटें विश्रांति, असें ते घड्याळ लावून बसतात. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यानें सन १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरांतील टोमॅटोच्या आकाराचें घड्याळ लावून ही रीत काढली, म्हणून तिला त्या फळाचेंच इटालियन नांव पडलें आहे. चिरंजीवांना ती फार मानवते, कारण त्यांच्या कामाचे लहान लहान तुकडे पडतात. मीं ती करून पाहिली. एखाद्या श्लोकाचा अन्वय लागूं लागतो न लागतो तोंच घंटा वाजे, आणि अन्वय उडून जाई. तिसऱ्या दिवशीं मीं तें घड्याळ नातवाला खेळावयास दिलें. रीत वाईट नव्हे. ती माझी नव्हे, एवढेंच.

मग आपली रीत सांपडावी कशी? माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतों.

पहिली ही कीं, पंधरा दिवस कांहींहि बदलूं नये, केवळ टिपावें. कितीला बसलों, कितीला उठलों, कां उठलों, मन केव्हां तरतरीत होतें, केव्हां पेंगत होतें. वैद्य औषधाआधीं नाडी पाहतो तसें हें आहे. सूनबाईनें तें आपण होऊन केलें होतें. मीं मात्र नाडी न पाहतांच मात्रा दिली होती.

दुसरी गोष्ट आपल्या जुन्या पेढ्यांवरून घ्यावी. पेढीवर रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज असे तीन हिशेब असत. दिवसभरांत जी देवघेव होईल ती घडेल त्या क्रमानें रोजकिर्दींत टिपावयाची. नंतर सवडीनें ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाची, ती खतावणी. आणि ठराविक मुदतीनें सर्व खात्यांचा गोषवारा काढावयाचा, ती तेरीज. पुण्याच्या पेशवे दप्तरांत रोजकिर्दींचे रुमाल आजहि जपून ठेवलेले आहेत. कामाचेंहि तसेंच करावें. जें काम आठवेल तें एकाच वहींत, आठवेल तेव्हां, टिपून टाकावें. डोक्यांत ठेवूं नये. रात्रीं दहा मिनिटें बसून त्याचीं तीन खातीं करावीं. अखंड वेळ मागणारीं कामें निवांत खात्यांत. पांच-दहा मिनिटांत होणारीं फुटकळ खात्यांत. आणि जीं दुसऱ्या कोणावर अवलंबून आहेत तीं परस्वाधीन खात्यांत. आठवड्यांतून एकदां तेरीज काढावी. डेव्हिड ॲलन या अमेरिकन लेखकानें सन २००१ मध्यें एक पुस्तक लिहून बरेंचसें असेंच सांगितलें, आणि तें जगभर खपलें. आपल्या पेढीवरील कारकुनाला त्यांत फारसें नवें वाटलें नसतें.

तिसरी गोष्ट, दिवसाचा चतुर्थांश तरी मोकळा सोडावा. आपल्या घरांत पाहुणा, श्राद्धपक्ष, चातुर्मासांतील व्रतें, कोणाचें दुखणें, यांना आमंत्रण लागत नाहीं. जें वेळापत्रक पाहुण्याला विघ्न समजतें तें एकत्र कुटुंबांत चार दिवसहि टिकणार नाहीं. आणि घडी मोडली तर प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशीं दुप्पट काम अंगावर घेऊं नये. मोडली तेथून पुढें चालूं लागावें.

चौथी गोष्ट मला सर्वांत उशिरां समजली आणि तीच सर्वांत महत्त्वाची. एकत्र कुटुंबांत एकाचें वेळापत्रक हें एकाचें नसतें. एकाच्या निवांत दोन तासांसाठीं दुसऱ्या कोणाला तरी दार उघडावें लागतें. काणे यांची अर्धी पृष्ठें मोजतांना त्यांच्या घरांत दार कोण उघडीत होतें, हा प्रश्न मला पूर्वी कधीं पडला नव्हता. जुन्या थोर पुरुषांच्या चरित्रांत ही बाजू फारशी लिहिलेली सांपडत नाहीं.

वही सांपडल्यानंतर दोन दिवसांनीं मीं जेवणानंतर सर्वांना बसविलें आणि माझी चूक सांगितली. सासऱ्यानें सुनेसमोर असें बोलण्याची आमच्याकडे रीत नाहीं. मातोश्रींनीं वर पाहिलें, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग मीं सूनबाईला विचारलें, "तुला केव्हां बसावेंसें वाटतें?" हा प्रश्न सहा महिन्यांपूर्वी विचारला असता तर तो कागदच लागला नसता. ती म्हणाली, "बाबा, सकाळीं दहा ते साडेबारा. तेव्हां माझें डोकें चांगलें चालतें. पण तेव्हांच भाजी निवडणें, आजींचें न्हाणें आणि दाराची घंटा असते." आम्हीं वाटणी केली. आजींचें न्हाणें थोरल्या सूनबाईकडे, कारण तिला नोकरीवर दुपारीं जावयाचें असतें. त्याच्या बदल्यांत संध्याकाळचा स्वयंपाक धाकटीकडे. भाजी निवडणें आणि दाराची घंटा माझ्याकडे. माझा चहा मीच करतों. पहिल्या आठवड्यांत दूध दोनदां उतूं गेलें. आमच्या सौभाग्यवतींनीं ओटा पुसतांना जें म्हटलें तें येथें लिहीत नाहीं. मोबाईलवर येणारे आंकडे मी आतां स्वतः वाचतों, आणि चष्मा गळ्यांत दोरीनें बांधला आहे.

साडेपांच तासांचे अडीच तास झाले. दुपारची झोंप नाहीं, पण रात्रीं ती साडेदहाला निजते. या वर्षभरांत तिचा सबंध अभ्यासक्रम दोनदां वाचून झाला. पूर्वी एकदांहि झाला नव्हता. दुसऱ्यांदा परीक्षा देऊन झाली आहे, निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो काय लागेल तें मला ठाऊक नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर या लेखाचा निष्कर्ष त्यावर अवलंबून नाहीं. भाजी निवडतांना मला एक अनपेक्षित लाभ झाला. मेथीच्या जुडीवर बसल्या बसल्या समासांच्या उदाहरणांचा विचार फार चांगला होतो. अकरा वर्षें रेंगाळलेल्या माझ्या विद्यार्थ्यांसाठींच्या व्याकरणाचीं तीन प्रकरणें त्यांत सिद्ध झालीं. सकाळीं सुचलेलें मी चिठ्ठीवर टिपतों आणि दुसऱ्या पहाटे लिहून काढतों. साठी उलटल्यावर माझी घडी मला अशा ठिकाणीं सांपडली.

कपाटावरील कागद काढून टाकला आहे. डिंकाचा डाग तेवढा अजून आहे. वाचकांपैकीं जे वडीलधारे आहेत त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, घरांतील कोणा तरुण माणसासाठीं वेळापत्रक आखण्याची इच्छा झाली तर आधीं एक वही घ्यावी, आणि पंधरा दिवस आपण स्वतः त्याला किती हांका मारतों त्या प्रामाणिकपणें टिपाव्या. पुढचें वेळापत्रक आखण्याचें काम मग त्याचें त्यालाच करतां येईल.